लॅश एक्स्टेन्शन: धुवायच्या कशा, टिकवायच्या कशा

लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या केसांवर गोंदाने कृत्रिम केस बसवून, पार्लरमधून निघताना एक सूचना हमखास मिळते: 'पाणी लागू देऊ नका.' सूचना पहिल्या दिवसापुरतीच असते, पण घरी पोचेपर्यंत 'पहिल्या दिवसापुरती' हे शब्द गळून पडतात. मग पुढचे दोन आठवडे तोंड धुताना डोळ्यांभोवतीचा भाग सोडून दिला जातो, आंघोळीला मान मागे टाकली जाते, आणि इतकं जपूनही दहाव्या दिवशी उशीवर लॅशेस सापडू लागतात. दोष गोंदाला दिला जातो, नाहीतर पार्लरवालीला. एकदा पक्का झालेला गोंद नळाच्या पाण्याने सुटत नाही. लॅशेस गळायला लागतात त्या बहुतेक वेळा न धुतल्यामुळे.

हे कसं होतं ते समजायला आधी गोंद कुठे असतो ते बघावं लागेल. एक्स्टेन्शन कातडीवर चिकटवत नाहीत. एकेक कृत्रिम लॅश तुमच्या पापणीच्या एकेका केसावर बसवलेली असते, तीही पापणीच्या कडेपासून अर्धा ते एक मिलिमीटर अंतर सोडून. लॅश असते पीबीटी नावाच्या प्लास्टिकची. काही टूथब्रशचे दातेही याच प्लास्टिकचे असतात. क्लासिक प्रकारात एका केसावर एकच लॅश, बहुधा ०.१५ मिमी जाडीची. व्हॉल्यूममध्ये ०.०५ किंवा ०.०७ मिमीच्या तीन-चार, कधी सहा बारीक लॅशेसचा छोटा पंखा एका केसावर बसतो. हायब्रिड म्हणजे दोन्हींची मिसळ. गोंद सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्याच कुळातला, पण या कामासाठी वेगळा बनवलेला. (सुटलेली लॅश घरी फेविक्विकने चिकटवायची कल्पना सुचत असेल तर ती तिथेच सोडून द्या.)

आता ते अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. सगळी गोम तिथे आहे. वरच्या पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या तीसेक बारीक ग्रंथी असतात. अश्रू डोळ्यावर टिकून राहावेत म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे, आणि ती चोवीस तास चालू असते. साध्या पापण्यांवरचं हे तेल तोंड धुताना, डोळे पुसताना आपोआप निघून जातं. एक्स्टेन्शन लावल्यावर मात्र मुळाशी दाट झुडूप तयार होतं, आणि हात लावायची धास्ती म्हणून आपण तिथे फिरकतही नाही. तेल, मेलेली कातडी, घाम, धूळ, काजळाचे कण असं सगळं त्या झुडपात अडकतं. तेलाचा थर गोंदाच्या सांध्यावर दिवसचे दिवस बसून राहिला की सांधा सैल पडतो. त्याहून मोठा घोळ खाजेचा. कडेला मळ साठला की खाज येते, खाज आली की झोपेत का होईना हात डोळ्यावर जातो, आणि चोळण्याने जितक्या लॅशेस पडतात तितक्या दुसऱ्या कशानेच पडत नाहीत.

पहिले २४ तास

सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. वरून तो काही सेकंदांत पकडतो, आतून पक्का व्हायला काही तास लागतात. त्या वेळात एकदम भरपूर पाणी किंवा गरम वाफ लागली तर तो घाईघाईने आळतो, पांढुरका आणि ठिसूळ होतो. शिवाय ताज्या गोंदाची वाफ डोळ्याला झोंबते. म्हणून पहिला दिवस कोरडा ठेवायचा. काही ठिकाणी काम संपल्यावर बारीक तुषार मारून गोंद तिथल्या तिथे पक्का करतात आणि चार-सहा तासांनी धुवायला सांगतात. तसं केलं असेल तर त्यांचं ऐका. सांगितलं नसेल तर २४ तास धरा. ४८ तासांचा जुना नियम पाळल्याने बिघडत काही नाही, पण मुंबईच्या मे महिन्यात दोन दिवस घामाने भिजलेले डोळे न धुणं हे धुण्यापेक्षा वाईट.

पहिल्या दिवशी व्यायाम, स्टीम, पोहणं आणि फोडणीवर वाकणं टाळा. डोळ्यांतून पाणी आलं तर टिश्यूचं टोक खालच्या पापणीला लावून टिपून घ्या, पुसू नका.

काय लागतं

लॅश शॅम्पू म्हणून फेसाच्या पंपाची ५०–६० मिलीची बाटली मिळते. रोज एकदा वापरली तर साधारण दीड महिना पुरते. घेताना मागची यादी वाचा. त्यात मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम, लॅनोलिन, कॅस्टर ऑइल म्हणजे आपलं एरंडेल, किंवा कुठलंही 'बटर' नको. प्रॉपिलीन कार्बोनेट तर मुळीच नको, लॅशेस काढायच्या द्रावणात तेच घालतात. टी ट्री तेल असलेले शॅम्पू 'जंतुनाशक' म्हणून विकले जातात. डोळ्याच्या कडेला ते झोंबतं, म्हणून तेही टाळलेलं बरं. दाट वास आणि चमचमणारा रंग असलेली बाटली दुकानातच राहू द्या.

बेबी शॅम्पू चालतो का, हा प्रश्न कायमचा. झोंबत नाही, तेव्हा एखाद्या दिवशी लॅश शॅम्पू संपला तर थेंबभर बेबी शॅम्पू दोन चमचे पाण्यात घालून काम भागवता येतं. पण बाळाचे केस मऊ राहावेत म्हणून त्यात बऱ्याचदा कंडिशनर आणि सुगंध असतो, आणि तो लॅशेसवर पातळ थर सोडतो. रोजच्यासाठी तो नको. बेबी शॅम्पू, खायचा सोडा आणि पाणी एकत्र करून घरी शॅम्पू करण्याच्या कृती खूप फिरतात. सोडा अल्कलीधर्मी असतो, डोळे कोरडे करतो. आणि साध्या पाण्यात कालवून ठेवलेली बाटली आठवडाभरात जंतूंचं घर होते. तीनेकशे रुपये वाचवायला डोळा पणाला लावण्यात हशील नाही.

दुसरी वस्तू म्हणजे धुण्याचा ब्रश. मऊ, दाट केसांचा, करंगळीच्या नखाएवढ्या डोक्याचा. बोटाने फेस लावता येतो, पण बोट लॅशेसच्या वर फिरतं आणि मुळाशी पोचत नाही. तिसरी वस्तू स्पूली, म्हणजे मस्काऱ्याच्या काडीसारखा कोरडा ब्रश. धुण्याचा ब्रश आणि स्पूली वेगळे ठेवा. दोन्ही दर आठवड्याला साबणाने धुवा, उभे वाळवा, आणि महिना-दीड महिन्याने नवे घ्या. बाथरूममधल्या बंद पाऊचमध्ये ओला कोंबलेला ब्रश दुसऱ्या दिवशी डोळ्याला लावणं म्हणजे कालचा मळ परत जागेवर नेऊन ठेवणं. याशिवाय लागतो तंतू न सुटणारा टिश्यू किंवा मलमलीचा धुतलेला तुकडा. कापूस नको, त्याचे धागे लॅशेसमध्ये अडकतात आणि ते ओढताना लॅशही हातात येते. टेरी टॉवेलच्या फासांचंही तेच.

धुण्याची रीत

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढा. मेकअप असेल तर चेहरा आधी नेहमीच्या फेसवॉशने धुऊन घ्या, डोळ्यांभोवतीचा भाग सोडून. चेहऱ्याचं तेल शेवटी डोळ्यांवर ओघळू नये म्हणून हा क्रम. मग हात साबणाने स्वच्छ धुवा.

डोळे मिटून लॅशेस ओल्या करा. नळाखाली तोंड धरायचं नाही, शॉवरची धार तर थेट डोळ्यांवर कधीच नाही. ओंजळीतलं कोमट पाणी कपाळावरून ओघळू द्या. कोमट म्हणजे हाताला ना गार ना गरम.

फेसाचा एक पंप ब्रशवर घ्या. एका डोळ्याला एक, व्हॉल्यूम दाट असेल तर दीड-दोन. एक डोळा मिटा, दुसऱ्याने आरशात बघा. पापणी भुवईच्या बाजूने अगदी हलकी वर ताणा, म्हणजे लॅशेसची मुळं उघडी पडतात. आता ब्रश पापणीच्या कातडीवर, मुळांच्या जरा वर टेकवा आणि खाली टोकांकडे आणा. वरून खाली, मुळाकडून टोकाकडे. नाकाजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत दहा-बारा फेऱ्या होतात. दाब किती? ब्रशचे केस वाकले की दाब जास्त झाला.

मग लॅशेसच्या खालची बाजू. हीच बहुतेक जणींची राहून जाते, आणि मळ जास्त तिथेच असतो, कारण तेलग्रंथींची तोंडं त्या बाजूला उघडतात. हनुवटी जरा वर करा, डोळा मिटलेलाच ठेवा, आणि ब्रशच्या टोकाने मुळांच्या खालून पुढे असे छोटे फटकारे मारा. आडवं घासणं, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ब्रश फरफटत नेणं, इथे सर्वांत घातक. एक्स्टेन्शन आडवी पिळली जाते आणि आतला नैसर्गिक केस मुळापासून हलतो. दाढीच्या ब्रशसारखा गोल गोल फिरवायचाही नाही.

बाहेरच्या कोपऱ्यात दोन फटकारे जास्त द्या. हसताना तिथे घडी पडते, घाम साठतो, आणि काजळ पसरून जमतं तेही तिथेच. खालच्या पापणीवर एक्स्टेन्शन नसल्या तरी तिथली कडही फेसाने पुसा; डोळा मिटला की खालचं तेल वरच्यांना लागतंच.

एका डोळ्याला अर्धा ते एक मिनिट. फेस काळा किंवा करडा निघाला तर धुऊन टाका आणि दुसऱ्यांदा लावा. दुसऱ्यांदा पांढरा राहिला की झालं.

फेस निघेपर्यंत ओंजळीने पाणी घाला, डोळे मिटूनच. पाच-सहा ओंजळी लागतात. मुळाशी फेस राहिला तर तो वाळून पांढरी पूड होते आणि दुसऱ्या दिवशी तीच खाजते. नीट धुऊनही खाज येते अशी तक्रार असली तर आधी इथेच बघावं.

पाण्याचं एक सांगायलाच हवं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर लॅशेस वाळल्यावर कडक लागतात, टोकांवर पांढुरकी झाक येते, व्हॉल्यूमचे पंखे एकमेकांना चिकटून बसतात. शॅम्पू बदलून यात फरक पडत नाही, कारण तो पाण्यातला क्षार असतो. बाकी सगळं नळाच्या पाण्याने करा, आणि शेवटच्या दोन ओंजळी आरओच्या पाण्याच्या घ्या. अर्धी वाटी पुरते.

वाळवणं

टिश्यू लॅशेसच्या खाली, गालाला टेकवून धरा आणि दोन-तीनदा डोळा हळू मिटा-उघडा. पाणी तोच शोषून घेतो. वरून दाबायचं नाही. मग पंख्यासमोर दोन मिनिटं, किंवा ड्रायर थंड हवेवर ठेवून हातभर लांबून. गरम हवा नको: पीबीटीला वळण उष्णतेने दिलेलं असतं आणि उष्णतेनेच ते जातं.

पूर्ण ओल्या असताना विंचरू नका, ओल्या लॅशेस एकमेकींना धरून असतात. ऐंशी टक्के सुकल्या की स्पूली घ्या. मुळात खुपसायची नाही. लॅशच्या मध्यापासून टोकाकडे न्यायची, शेवटी मनगट जरा वर वळवायचं. दोन लॅशेस अडकल्या असतील तर ओढू नका. स्पूली खालून घालून जागेवरच गोल फिरवली की त्या सुटतात.

किती वेळा? रोज रात्री एकदा. तेलकट त्वचा, रोजचा लोकल-दुचाकीचा प्रवास, जिम, किंवा रोजचा मेकअप असेल तर सकाळीही. कोरडी त्वचा आणि घरातलंच काम असेल तर एक दिवसाआड चालतं, त्याहून कमी नाही. सकाळी नुसती स्पूली फिरवणं म्हणजे धुणं नव्हे, ते फक्त भांग पाडणं झालं.

धुणं नीट होतंय का हे बघायची सोपी रीत: छोटा आरसा हनुवटीखाली आडवा धरा, नजर खाली आरशात टाका, वरून मोबाइलचा उजेड घ्या. मुळं स्वच्छ, वेगवेगळी दिसली पाहिजेत. लॅशेसची टोकं एकत्र येऊन छोटे त्रिकोण झाले असतील तर ते तेल आहे. मुळाशी पिवळसर पापुद्रा किंवा केसाला बिलगलेली कोंड्याची नळी दिसली तर आठवडाभर तरी धुणं नीट झालेलं नाही. ती नखाने खरवडू नका. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ धुवा. तरीही राहिली तर तो साधा मळ नाही, त्याबद्दल पुढे.

तेल, आणि आपले सणवार

तेलाने एका रात्रीत गोंद विरघळतो हे खरं नाही, आणि तेलाने काहीच होत नाही हेही नाही. एकदा लागलं आणि लगेच शॅम्पूने धुतलं तर फार बिघडत नाही. रोज थोडं लागत राहिलं तर तीन आठवडे टिकायच्या त्या लॅशेस दोन आठवड्यांतच जातात.

आपल्याकडे ते लागायच्या वाटा बऱ्याच. केसांना खोबरेल चोपडून झोपलं की रात्रभरात ते उशीवर, तिथून पापणीवर येतं. चंपी करायचीच असेल तर कपाळाच्या कडेपासून दोन बोटं मागे तेल लावा, केस बांधा, तासाभरात न्हाऊन घ्या. न्हाताना डोकं मागे, म्हणजे फेस पाठीवर जाईल. नरक चतुर्दशीचं अभ्यंग सोडवत नसेल तर चेहरा वगळा. आणि उटणं डोळ्यांपासून लांब ठेवा, कारण त्याचा भुगा मुळांत जाऊन बसतो आणि तेलापेक्षा तोच जास्त छळतो. देवळात किंवा घरी आरती घेऊन हात डोळ्यांवरून फिरवायची सवय असते. तळव्याला ताम्हणातलं तूप-तेल असतं. हात कपाळापर्यंत नेऊन थांबवलेत तरी आरती पोचते.

गुलाल किंवा रंगपंचमीची कोरडी पूड लॅशेसमध्ये गेली तर पाणी लगेच मारू नका, ओल्या रंगाचा चिखल मुळाशी थापला जातो. आधी पंख्याखाली उभं राहून, डोळे मिटून कोरड्या स्पूलीने झटका, मग दोनदा शॅम्पू.

लग्नाचं गणित वेगळं. हळदीत तेल असतंच आणि ती चेहऱ्याला लागणारच. हळद आणि लग्न यांत दिवसाचं अंतर असेल तर लॅशेस हळदीनंतर करणं उत्तम. ते जमणार नसेल तर लग्नाआधी दोन-तीन दिवस करून घ्या, हळदीला करवल्यांना भुवईच्या वर आणि गालाच्या हाडाखाली लावायला सांगा, आणि त्याच संध्याकाळी दोनदा धुवा. मुंडावळ्या बांधताना डोळे मिटा. कानाजवळून सुटलेले मोत्यांचे सर बाहेरच्या कोपऱ्यातल्या लांब लॅशेसमध्ये अडकतात. बांधणारीचं लक्ष गाठीकडे असतं, डोळ्याकडे नसतं. रडायला हरकत नाही, अश्रूंनी गोंदाला काही होत नाही. रुमालाने डोळे पुसण्याने होतं.

काजळ बहुतेक वेळा तेल किंवा मेणाचं असतं. वरच्या पापणीच्या आतल्या कडेला ते लावू नका. खालच्या कडेला लावलंत तर रात्री काढणं सक्तीचं. आयलायनर पाण्याने निघणारा, द्रव. मस्काऱ्याची गरजच पडू नये, वॉटरप्रूफ तर नकोच, कारण तो काढायला तेलाचंच द्रावण लागतं. मेकअप काढायचं मायसेलर पाणी तेलविरहित असेल तर चालतं, पण त्यावर शॅम्पू हवाच. हलवून वापरायच्या दुरंगी बाटलीत वरचा थर तेलाचा असतो. नाइट क्रीम आणि सनस्क्रीन डोळ्याच्या कडेपासून बोटभर खाली थांबवा. चेहऱ्याच्या उष्णतेने ते वर सरकतं.

लॅश कर्लर तर घरातून बाहेरच काढा. चिमटा एक्स्टेन्शन वाकवत नाही, सांध्यापाशी मोडतो, आणि सोबत तुमचा केसही.

वाफ, झोप, पावसाळा

कुकरचं झाकण, मोदकपात्र, इडलीचं भांडं उघडताना तोंड बाजूला करा. एखाद्या वाफेने लॅशेस पडत नाहीत, पण रोजच्या वाफेने वळण सैल होतं आणि दोन आठवड्यांत टोकं खाली झुकतात. ओव्हनचं दार आणि शेगडी जास्त वाईट. गॅस पेटवताना वाकून बघण्याच्या सवयीने टोकं जळून त्यांच्या बारीक गाठी होतात. जळलेली लॅश सरळ होत नाही, ती काढून नवीच लावावी लागते.

झोपायचं पाठीवर. जमत नसेल तर निदान कूस बदलत राहा. नेहमी एकाच कुशीवर झोपणाऱ्यांची त्या बाजूची बाहेरची रांग आधी विरळ होते, आरशात बघूनच सांगता येतं. रेशमी किंवा सॅटिनच्या अभ्र्याने घर्षण कमी होतं, चमत्कार होत नाही. चष्मा वापरत असाल तर काच आणि पापणी यांतलं अंतर बघून लांबी ठरवा. ११ मिमीच्या पुढे बऱ्याच जणींच्या लॅशेस काचेला घासतात, काच तेलकट होते आणि तेच तेल परत लॅशेसवर येतं.

जुलैत कोकणपट्टीत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. पक्क्या झालेल्या गोंदाला तिचं काही वाटत नाही, पण लावताना वाटतं: बहुतेक गोंद ४५ ते ६० टक्क्यांच्या आसपास नीट बसतात. पावसाळ्यात एसी आणि आर्द्रतामापक असलेल्या खोलीतच काम करून घ्या. समुद्रात किंवा तलावात पोहून आलात की मीठ-क्लोरिन लगेच धुवा. वाळू असेल तर आधी नुसतं पाणी, मग ब्रश.

पडलेली लॅश वाचा

उशीवर लॅश दिसली की धस्स होतं. ती उचलून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि बघा. एक्स्टेन्शनला तुमचा केस चिकटलेला आहे आणि त्याच्या मुळाशी टाचणीच्या टोकाहून बारीक पांढरा ठिपका आहे, तर तो केस आपलं आयुष्य संपवून पडला आहे. पापण्यांचे केस कायम उगवत-गळत असतात; दिवसाला एक ते पाच जाणं नेहमीचं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, खालून दुसरा येतोच.

एक्स्टेन्शन एकटीच, केसाशिवाय पडली असेल तर सांधा सुटला. पहिल्या दोन दिवसांत अशा बऱ्याच पडल्या तर चूक बहुधा लावण्यात: केसांवरचं तेल आधी नीट काढलं नसेल, गोंद जुना असेल, खोलीतली हवा बरोबर नसेल. चांगली टेक्निशियन हे ऐकून वाद घालत नाही, तपासून दुरुस्त करते. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर अशा पडू लागल्या तर तेल आणि धुणं तपासा.

तिसरा प्रकार चिंतेचा. केस चिकटलेला आहे पण तळाशी ठिपका नाही, अर्ध्यातून तुटल्यासारखं टोक आहे. हे ओढल्याने, चोळल्याने किंवा कर्लरने होतं, नाहीतर नाजूक केसावर फार जड लॅश बसवल्याने. दोन केस एकाच गोंदात अडकले असतील तरी तसंच: एक केस वाढतो, दुसरा त्याला धरून ठेवतो, आणि डोळ्यावर एका जागी टोचल्यासारखं ओढ लागते. अशी ओढ दुसऱ्या दिवशीही जाणवली तर परत जाऊन वेगळे करून घ्या. हे वारंवार होत राहिलं तर तिथे केस येणंच बंद होऊ शकतं.

डोळा लाल झाला तर

लावून उठताच डोळ्याचा पांढरा भाग लाल आणि झोंबणारा असेल तर ते वाफेमुळे किंवा डोळा नीट मिटलेला नसल्यामुळे. एका दिवसात उतरायला हवं. दोन्ही वरच्या पापण्या सुजून जड झाल्या, सतत खाजतात, आणि हे काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झालं, तर बहुधा गोंदाची ॲलर्जी. ती गोळी घेऊन दाबत लॅशेस मिरवायच्या गोष्टी करू नका. पुढच्या वेळी ती बहुधा आधीपेक्षा जोरात येते. लॅशेस काढून घ्याव्या लागतात, आणि पुढच्या वेळी 'सेन्सिटिव्ह' लिहिलेला गोंदही सायनोॲक्रिलेटच असतो हे लक्षात ठेवा. म्हणूनच पहिल्यांदा करताना एक-दोन दिवस आधी चार-पाच लॅशेस लावून चाचणी करून घेणं शहाणपणाचं. चाचणी ठीक गेली म्हणून पुढे कधीच ॲलर्जी होणार नाही असंही नाही.

नीट धुऊनही कड लाल, सकाळी डोळे चिकटलेले, मुळांना कोंड्याच्या नळ्या, ही पापणीच्या कडेच्या दाहाची लक्षणं. डेमोडेक्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे मोठ्या माणसांच्या पापण्यांत थोडेफार असतातच; मळ आणि तेल वाढलं की तेही वाढतात. यावर उपाय पार्लरमध्ये नाही, नेत्रतज्ज्ञाकडे आहे. आणि दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं किंवा पू, यांतलं काहीही झालं तर दिवस न दवडता त्याच दिवशी दाखवा. लॅशेस काढायच्या की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

रिफिल आणि काढणं

रिफिल, म्हणजे गळलेल्या लॅशेसच्या जागी नव्या बसवणं, दोन ते तीन आठवड्यांनी. निम्म्याहून कमी उरल्या असतील तर नवा सेट, हा धंद्यातला ठोकताळा आहे आणि तो बरोबरच आहे, कारण उरलेल्याही वाढून पुढे सरकलेल्या असतात आणि वजनाने पालथ्या पडतात. रिफिलला जाताना धुऊन, मेकअप न करता जा. नाहीतर तुमच्या वेळेतली पहिली पंधरा मिनिटं साफसफाईत जातात आणि तेवढ्या लॅशेस कमी लागतात.

काढायच्या असतील तर काढून घ्या, ओढू नका. खोबरेल लावून गरम पाण्याच्या वाफेवर बसायचे घरगुती उपाय सांगितले जातात. त्यांनी गोंद अर्धवट मऊ होतो, धीर सुटतो, आणि उरलेलं काम चिमटीने केलं जातं. नेलपेंट रिमूव्हरमधलं ॲसिटोन गोंद विरघळवतं खरं, पण डोळ्याजवळ ती बाटली उघडायचीसुद्धा नाही. टेक्निशियनकडे दाट क्रीम असतं. ते सांध्यावर काही मिनिटं ठेवलं की लॅश आपसूक घसरून येते, आणि सगळं काम अर्ध्या तासात आटोपतं. काढल्यावर साधा फेस लावून एकदा धुवा, म्हणजे क्रीमचा अंश राहत नाही. त्याच दिवशी नवा सेट लावायचा असेल तर हे धुणं दोनदा, नाहीतर नवा गोंद धरणार नाही.